आभाळातला घाट

माझ्या बाबांचा विश्वास फक्त बैलाच्या दातांवर होता. माणूस जे बोलतो त्यातलं निम्मं तो घरी ठेवून येतो, असं त्यांचं ठाम मत. आमच्या धाडच्या बाजारात बैल घ्यायला गेले की ते आधी मालकाला बैलाचं वय विचारत. मग दात पाहत, पाठ थोपटत, पेरणीच्या गोष्टी काढत, चहा मागवत. चहा अर्धा संपला की सहज आठवल्यासारखा तोच प्रश्न पुन्हा टाकत, "किती वर्सांचा म्हणाले व्हते तुम्ही?" दोन्ही वेळा उत्तर एकच आलं तर बोलणी पुढे सरकत. दुसऱ्या खेपेला उत्तर जरासं जरी हललं, तरी बाबा कप खाली ठेवून उठत आणि अर्धा चहा तसाच राहत असे. "दात पाहिल्यावर पुन्हा कशाला विचारायचं?" असं कुणी म्हटलं, तर सांगत, "दात बैलाचे पाह्यतो. इचारतो मालकाले."

घरातही हीच पद्धत. मी शाळेतून आले की "आज काय शिकवलं?" हा प्रश्न एकदा दारात आणि एकदा ताटावर. त्यामुळे लहानपणी मी खोटं बोलायला शिकले नाही. दुसऱ्याचं खोटं शोधायला मात्र उत्तम शिकले. माय म्हणायची, बापाचा चेहरा नाही घेतला ते बरं, पण नजर तेवढी उचलून आणली.

माझ्यासाठी स्थळं पाहायला लागले तेव्हा बाबांनी बैलबाजाराची रीत जशीच्या तशी बैठकीत आणली. एका मुलानं पहिल्यांदा सांगितलं की मी मॅट्रिक झालो. चहा अर्धा झाल्यावर तो मॅट्रिकला बसलेला निघाला. दुसऱ्याची जमीन चहाच्या आधी होती तेवढी चहानंतर राहिली नाही. दोन्ही वेळा कप खाली गेला. बाबांचं काही चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. पण माझ्याबरोबरीच्या मुलींच्या कडेवर पोरं आली होती. बुलढाण्याला मावशीकडे राहून मी मॅट्रिक केलं, त्याचंही गावात आता कौतुक उरलं नव्हतं. उलट "शिकवली म्हणून राहिली" असं बायका विहिरीवर माझ्या कानावर पडेल इतक्या हळू बोलत.

तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. अशात खामगावचं एक स्थळ आलं. मुलगा इंजिनियर, आणि नोकरीला लंडनमध्ये. लग्न करायला म्हणून सुट्टी काढून आलेला.

आमच्या जिल्ह्याचे दोन तुकडे आहेत, घाटावरचा आणि घाटाखालचा. आम्ही घाटावरचे, खामगाव-मलकापूर घाटाखाली. बाबांच्या लेखी घाटाखालचा माणूस म्हणजे गोड बोलणारा व्यापारी. त्यात हा तर घाटाखालून थेट लंडनला गेलेला. बाबांच्या मनात शंकेची पाल स्थळ यायच्या आधीच चुकचुकायला लागली. तिकडे मडम असते म्हणतात. तिकडे नोकरी नसते, हॉटेलात भांडी घासतात म्हणतात. मुळात हा तिकडे गेला होता याला साक्षीदार कोण? मध्यस्थानं सांगितलं की पासपोर्टवर शिक्के आहेत. बाबा म्हणाले, "शिक्के तं आपल्या ग्रामपंचायतीतही मारतेत."

माझं काय म्हणणं होतं, हे कुणी विचारलं नाही, म्हणून इथे सांगते. मला हे स्थळ हवं होतं. मुलगा पाहिला नव्हता, तरी हवं होतं. भूगोलाच्या पुस्तकातल्या नकाशावरून मी जितकी फिरले होते तितकी आमच्या गावात कुणी फिरली नव्हती, आणि पायानं मात्र मलकापूरच्या स्टेशनाच्या पलीकडे गेले नव्हते. हवं असल्यामुळेच मला भीती वाटत होती. हव्याशा गोष्टीत हमखास कुठेतरी पाणी मुरत असतं, हे बाबांचंच शिक्षण.

मुलगा आला तो त्याच्या मामाबरोबर. दोघंच. मी चहाचं ताट ठेवून, विचारलं तेवढं सांगून, आतल्या खोलीच्या दाराआड आले. दाराला फट होती. त्या फटीतून बाबांचा कप नीट दिसत होता आणि मुलाचा अर्धा चेहरा. चेहऱ्याच्या त्या अर्ध्या भागावरून तरी तो लबाड वाटत नव्हता, पण दुसरा अर्धा कसा असेल ते सांगता येत नव्हतं.

बाबांनी सुरुवात केली. "मुंबईहून लंडन किती लांब?"

"साडेचार हजार मैलांच्या आसपास," मुलगा म्हणाला.

"अन् विमानाले किती वेळ लागते? तास नका सांगू. निघाले कवा अन् पोचले कवा, ते सांगा."

तासांवर बाबांचा भरवसा नव्हता. घड्याळ माणसानं केलेलं, म्हणून तेही फसवणारच.

"सकाळी मुंबईहून निघालो," तो म्हणाला, "मधे दोन-तीन ठिकाणी थांबलं विमान. आणि दुपारच्या चहाला लंडनमध्ये होतो."

मामा कौतुकानं हसले. बाबाही हसले, आणि तेच मला आवडलं नाही. मग त्यांनी कपाशीची गोष्ट काढली. खामगावला भाव काय निघाला, जिनिंग कोणत्या चालू आहेत, सरकीचं तेल कसं. मुलगा मोकळेपणानं बोलत होता. चहा अर्धा झाला.

"अन् येतानी?" बाबांनी विचारलं. "येतानी कसं झालं?"

"येताना दुपारच्या चहालाच निघालो," तो आरामात म्हणाला. "मुंबईत उतरलो तर दुसरा दिवस उजाडला होता."

कप खाली गेला.

बशीवर त्याचा आवाज झाला तो मला आजही ऐकू येतो. मामांना काही कळलं नाही. मला कळलं, कारण बाबांच्या डोक्यात चाललेला हिशेब मी फटीतून वाचू शकत होते. रस्ता तोच, विमान तसलंच. जाताना सकाळ ते दुपार, येताना दुपारपासून दुसरी सकाळ. एका बाजूनं लहान आणि दुसऱ्या बाजूनं मोठा असा रस्ता कुठे असतो? हा माणूस विमानात बसलेलाच नाही.

"जातानी एवढंसं," बाबांनी हातानं वीतभर दाखवलं, "अन् येतानी एवढं काऊन?"

आता उत्तर मला माहीत होतं. रेखांश, सूर्य, तिथलं घड्याळ आपल्या मागे. सातवीपासून घोकलेलं. पण पाहायला आलेल्या पाहुण्यांसमोर मुलीनं भूगोल सांगायची रीत नव्हती. शिवाय, खरं सांगायचं तर, मला त्याची परीक्षा पाहायची होती. त्यानं मला नाव, शिक्षण आणि स्वयंपाक येतो का, एवढंच विचारलं होतं. माझा प्रश्न बाबांनी विचारला होता.

त्यानं प्रयत्न चांगला केला. पानाच्या तबकातली सुपारी उचलली, पाण्याचा तांब्या पुढे ओढला. तांब्या म्हणजे सूर्य, सुपारी म्हणजे पृथ्वी. सुपारी बोटांत फिरवत म्हणाला, "हे आपण. हे लंडन. आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो तेव्हा तिथं नुकतं उजाडत असतं. म्हणून तिथलं घड्याळ मागं. विमानात वेळ जवळजवळ सारखाच जातो, पण घड्याळं बदलतात."

बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "हे सुपारी हाय," ते म्हणाले.

"हो, पण समजा..."

"सूर्य एकच हाय. तो डोक्यावर आला का दुपार. तुमच्या मामाचीबी अन् माहीबी." मग ते मामांकडे वळले. "ठीक हाय. पाहू. कळवतो तुम्हाले."

आमच्याकडे 'कळवतो' म्हणजे नाही. मामांनाही तेवढं कळलं, आणि ते टोपी शोधायला लागले. मी दाराआड उभी होते आणि मला एकाच वेळी रडू येत होतं आणि राग येत होता. बाबांचा, त्या मुलाचा, आणि स्वतःभोवती फिरणाऱ्या पृथ्वीचाही.

तेवढ्यात माय बोलली. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात होती. पाहुण्यांसमोर ती कधी तोंड उघडत नसे, म्हणून आवाज कुठून आला ते बघायला सगळ्यांच्याच माना वळल्या.

"तुम्ही मलकापूरले गाड्या घेऊन जाता," ती बाबांना म्हणाली, "तवा राजूर घाट उतरता. येता तवा चढता. जायले वेळ लागते तेवढाच यायले लागते काय? सडक तं तेच हाय. आभाळातही एखांदा घाट असंल."

राजूर घाट ही बाबांची दुखती जागा होती. दरवर्षी कपाशीच्या गाड्या मलकापूरला उतरवताना मागे ओंडका बांधावा लागे, इतक्या त्या धावत. आणि परत येताना रिकाम्या गाड्या असूनही बैलांच्या तोंडाला फेस येई, माणसं उतरून चाकांना खांदे देत. या घाटाची तक्रार त्यांनी आम्हाला इतक्यांदा ऐकवली होती की ती त्यांच्याच अंगावर उलटेल असं त्यांना वाटलं नसावं. त्यांनी डोळे बारीक करून मुलाकडे पाहिलं.

"हाव काय? घाट हाय तिथं?"

मी फटीला डोळा लावला. त्यानं उंबऱ्यातल्या मायकडे पाहिलं. मग हातातल्या सुपारीकडे. आणि म्हणाला, "हाव. तसंच हाय."

बाबांनी कप उचलला आणि गार झालेला चहा संपवला. थोड्या वेळानं तीच सुपारी फोडली आणि माझं लग्न ठरलं.

घरात सगळे खूष. मी सोडून. कारण घरच्यांत मला एकटीलाच ठाऊक होतं की हा माणूस खरं बोलत होता तोवर त्याला कुणी मानलं नाही, आणि खोटं बोलल्याबरोबर जावई करून घेतला. इतक्या सहज 'हाव' म्हणणारा माणूस पुढे कशाकशाला 'हाव' म्हणेल? आज आभाळातल्या घाटाला, उद्या आणखी कशाला. पोरगी मिळते म्हटल्यावर पृथ्वी खिशात घालून मोकळा झाला की हा!

माय वेगळ्याच कारणानं खचली. मोडणारं लग्न तिनं वाचवलं खरं, पण तो घाट तिच्याच गळ्यात पडला. हळदीच्या दिवशी माझ्या हाताला हळद लावता लावता ती थांबली. "जायले उतार हाय," ती म्हणाली, "म्हंजे तू तं गाडीसारखी धावत जाशीन. पण यायले चढ हाय बाई. एवढा चढ कोण चढून येते?" मी तिला खरं सांगू शकले असते. पण बाबा ओसरीवर होते आणि मांडव घातलेला होता. "येईन मी," एवढंच म्हणाले.

नवरा पुढे गेला आणि मी काही महिन्यांनी एकटीच निघाले. बाबांनी मलकापूरला दुकानातून मला मनगटी घड्याळ घेऊन दिलं. घड्याळावर विश्वास नसलेल्या माणसानं ते का दिलं, मला कळलं नाही. मी ते स्टेशनच्या घड्याळाशी जुळवलं आणि ठरवलं की याचे काटे आता फिरवायचे नाहीत. नवऱ्यानं सांगितलेलं किती खरं आणि किती खोटं, ते आपलं आपण पाहायचं.

विमानात दर थांब्याला लोक घड्याळं मागे करत होते. शेजारच्या बाईंनी माझं मागे करून द्यायला हात पुढे केला, तर मी मनगट पदराखाली घेतलं. लंडनला उतरले तेव्हा बाहेर दुपारचं फिकट ऊन होतं आणि माझ्या घड्याळात रात्रीची जेवणं आटोपायची वेळ. म्हणजे सुपारीचं खरं होतं. नवरा घ्यायला आला होता. त्यानंही पहिल्यांदा घड्याळच पाहिलं. "बदलून देऊ?"

"नको. राहू द्या गावचं."

संसाराला आठवडाही झाला नसेल, मी विचारलं, "घाट नाही हे तुम्हाला माहीत होतं. मग हाव कसं म्हणालात?"

तो म्हणाला, "सगळ्या बैठकीत तुझ्या आईनं एकटीनं माझी बाजू घेतली. तिला तिथंच खोटं पाडू?"

उत्तर चांगलं होतं, आणि म्हणूनच मला पटलं नाही. मनात म्हटलं, इतकं बरोबर उत्तर आधीच तयार करून ठेवलेलं असणार. महिनाभरानं, तो चहा पीत असताना, मी तोच प्रश्न पुन्हा विचारला. उत्तर तेच आलं. तरी मी ते मनात बाजूला ठेवून दिलं.

गावचं घड्याळ मी स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलं आणि रोज किल्ली देत राहिले. इथं मी झोपायची तयारी करत असायची तेव्हा ते पहाट दाखवायचं. माय आता चूल पेटवत असेल, एवढं त्यात दिसायचं. तिची पत्रं शेजारच्या मास्तरांच्या हातची यायची आणि शेवटी नेहमी एकच ओळ, घाट चढून येजो बाई. मी उत्तरात लिहायची, येते. पण तिकिटाचं जमत नव्हतं, मग नवऱ्याची सुट्टी जमत नव्हती, मग मूल झालं. चार वर्षं गेली.

शेवटी एकदाचे निघालो. घड्याळ मी पुन्हा मनगटावर बांधलं. मुलगी मांडीवर झोपली होती आणि मला दुसरं काम नव्हतं, म्हणून मी काटे मोजत बसले. मुंबईत उतरलो तेव्हा मोजणी पुन्हा केली, कारण ती जुळत नव्हती. जाताना लागला होता त्याहून वेळ कमी लागला होता. तासाभरानं तरी. आधी घड्याळावर संशय घेतला, मग थांब्यांवर, मग स्वतःवर. हे सगळं संपल्यावर नवऱ्यावर घेतला.

"येताना वेळ कमी कसा लागला?"

"वारा," तो म्हणाला. "इतक्या उंचीवर वारा बहुतेक पश्चिमेकडून वाहतो. जाताना विमानाच्या अंगावर येतो, येताना पाठीवर."

"म्हणजे घाट आहे!"

"आहे म्हण की."

"हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"होतं. म्हणून तर हाव म्हणालो. अगदीच खोटं नव्हतं."

मी सामान तिथंच ठेवलं. "पण मायनं सांगितलं ते उलट होतं. जाताना चढ आहे, येताना उतार. मग तसं का नाही सांगितलंत?"

"तुझ्या बाबांना? सकाळी निघून दुपारी पोचलो, तो रस्ता चढाचा होता म्हणून? सुपारीसुद्धा परत घेतली असती त्यांनी."

ते खरंच होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर हळदीचा हात धरून बसलेली माय होती. ती चार वर्षं उलट्या घाटाच्या तळाशी उभी राहून वर बघत होती. मला त्या माणसाचा इतका राग आला की मलकापूर येईपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही. आणि तरीही, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, त्याच्या त्या 'हाव'वर माझा विश्वास बसला. राग आणि विश्वास दोन्ही एकाच गाडीत बसून आले.

मलकापूरहून एसटीनं राजूर घाट चढलो. इंजिन कण्हत होतं. धाडला पोचलो तर माय ओसरीवर उभी होती, आधीपेक्षा लहान झालेली. तिनं नातीला उचललं आणि मला म्हणाली, "चढलीस वं बाई."

"माय, चढ नव्हताच," मी पाय न धुताच सांगायला लागले. "घाट आहे, तू म्हणालीस ते खरं. पण उलटा आहे. जाताना चढ. येताना उतार. मी स्वतः मोजून आले."

"असं म्हणतं तू," ती म्हणाली, आणि नातीचे पाय चोळायला लागली. बाबांनी माझं मनगट हातात घेऊन घड्याळ कानाला लावलं आणि चालू आहे याची खात्री करून घेतली.

दुपारची जेवणं झाली. माय सूप घेऊन तांदूळ निवडायला बसली. माहेरी राहायला किती दिवसांची सुट्टी आहे, पोरीला काय खायला लागतं, तिकडे ज्वारी मिळते का, असं एकेक विचारत होती. मी चहा घेऊन तिच्याजवळ बसले. माझा चहा अर्धा झाला तेव्हा तिनं मान वर न करता विचारलं, "कोणीकडून उतार म्हणाली व्हती तू?"

बाबांचा प्रश्न तिच्या तोंडून आलेला ऐकून मला हसू आलं. "इकडं येताना, माय. सकाळीही तेच सांगितलं. येताना उतार आहे."

"मले बरं वाटावं म्हून तं नाही सांगून राह्यली?"

"नाही. देवाशपथ."

तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला. मग दुसरा. माझं उत्तर हललं नव्हतं, म्हणजे तिला ते मान्य करणं भाग होतं. तिनं पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

"उतार व्हता," ती म्हणाली, "तं मंग चार वर्सं काऊन लागले बाई?"

मी अर्धा राहिलेला कप खाली ठेवला. तिच्या सुपातले मूठभर तांदूळ माझ्याकडे ओढले आणि खडे शोधत बसले.